जामखेडचे दुकान उघडेपर्यंत

मित्रांनो, भिंतीला लागून पडलेला मी एक जुना लोड आहे. माझ्या खोळीला दोन ठिगळे आहेत आणि माझ्या मध्यभागी एक खळगा पडला आहे. कोणी नवा माणूस घरात आला तर म्हणतो, हा लोड बसला, आता टाकून द्या. तो खळगा कोणाचा आहे आणि मी तो का जपला, एवढेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म जामखेडच्या डोंगरात झाला. तेथे सावरीची झाडे आहेत. चैत्रात त्यांची बोंडे उकलतात आणि आतला पांढरा कापूस वाऱ्यावर निघतो. वारा नेईल तिकडे जायचे, एवढेच आम्हाला ठाऊक होते. डोंगराची कड, खाली गावातली धाब्याची घरे, आणि सगळीकडे ऊन. मला ते उडणे अजून आठवते. खरेच तसे होते की मी ते स्वप्नात पाहिले, हे मात्र आता सांगता येत नाही.

बायकांनी आम्हाला वेचून पोत्यात भरले. नगरच्या एका गादीवाल्याने मला अभ्र्यात काठीने ठासले, तोंड शिवले आणि पाठीवर एक थाप मारली. त्याने माझ्या गिऱ्हाइकाला बजावले, "सावर आहे. हिला पिंजावे लागत नाही. अधूनमधून ऊन दाखवा, आपोआप फुलेल."

ते गिऱ्हाईक म्हणजे काष्टीचे विष्णुपंत. काष्टीत त्यांची धान्याची आडत होती. शेतकरी ज्वारी, करडई, हुलगे घेऊन त्यांच्या पेढीवर येत. विष्णुपंत तो माल व्यापाऱ्याला विकून देत आणि आपली आडत कापून घेत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते वाईट नव्हते. फक्त हातातून सुटलेली वस्तू त्यांना झोपू देत नसे.

त्या पेढीवर लोड दोनच होते. एक अण्णांचा, मखमली खोळीचा. त्यात साधा कापूस होता आणि तो दाबून दाबून दगड झाला होता. दुसरा मी, मांजरपाटाच्या खोळीचा, दिवाणजींसाठी. दिवाणजी म्हणजे पेढीचा मुख्य कारकून. बाकीची माणसे भिंतीपासून दूर ताठ बसत. त्या पेढीवर लोडाला टेकणे हाच मान होता. कोणाचा हुद्दा काय, हे कागदावर कधी लिहिले जात नसे. कोण कशाला टेकतो ते पाहिले की कळे.

सात वर्षे शामकांत दिवाणजी मला टेकून बसले. त्या काळाविषयी सांगण्यासारखे फार नाही. ते जमाखर्च लिहीत आणि मी डोंगराची स्वप्ने पाही.

काट्यावर आसाराम असे. त्याचे घर शेतकऱ्याचे, पण जमीन भावाभावांत वाटून एवढीशी राहिली म्हणून तो पेढीवर आला होता. चौथी शिकलेला, मोडी वाचणारा, वजनाला चोख. त्याने पारडे धरले की शेतकरी दुसरीकडे पाहत बोलत उभे राहत. त्याचा पगार अठरा रुपये होता.

त्याच्या बायकोचे नाव मनकर्णा. दर अमावास्येला ती पेढीच्या गाद्यांच्या आणि लोडांच्या खोळी काढून नेई, रिठ्याच्या पाण्यात धुई आणि दुसऱ्या दिवशी आणून घाली. तेवढ्या वेळात ती मला अंगणातल्या उन्हात ठेवी. मी फुलून येई. ती हाताने चापून म्हणे, "आता कसा बाळसं धरल्यावानी दिसतोय!" पेढीवर मला हात लावणारे पुष्कळ होते. माझ्याशी बोलणारी ती एकटीच होती.

मग लढाईच्या वर्षांत, दिवाळीच्या पाडव्याला, ती गोष्ट घडली. अण्णांनी जामखेडला दुसरे दुकान घालायचे ठरवले. शामकांत दिवाणजींनी तिकडे जायचे आणि त्यांच्या जागी आसारामाने बसायचे. पगार तीस रुपये. वहीपूजन झाले, वह्यांवर हळदकुंकू पडले, मलाही एक बोट लागले. अण्णांनी आसारामाच्या हातात नारळ आणि विडा दिला आणि म्हणाले, "बस. टेक लोडाला. आजपासून तू दिवाणजी."

पेढी माणसांनी भरली होती. आसाराम गादीवर बसला. त्याची पाठ माझ्यापासून चार बोटांवर होती. मला तिची ऊब लागत होती. पण तो टेकला नाही. लाजून खाली बघत म्हणाला, "अण्णा, दिवाणजी माझ्यापरीस मोठे. तिकडं त्यांचं बस्तान बसू द्या. जामखेडचं दुकान उघडेस्तवर मी लोडाला टेकनार न्हाई."

सगळ्यांना ते फार आवडले. भीमा म्हणून एक म्हातारा शेतकरी होता, त्याने मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हंत्यात रीत! न्हाई तर आमचा जावई, घरात पाय टाकला की गादीवर आडवा."

आमच्याकडे असेच आहे, मित्रांनो. मान मिळाला की माणूस एकदा तरी मागे सरकतो. सरकला नाही तर लोक त्याला हावरा म्हणतात. आसारामाने मोठ्यांचा मान राखला, एवढेच. त्या बोलण्याचा पुढे हिशेब होईल असे कोणालाच वाटले नव्हते.

त्या दिवसापासून तो माझ्यापुढे ताठ बसू लागला. सकाळी दिवा लावण्याआधी येई आणि सगळ्यांनंतर जाई. दिवाणजींचे काम तर त्याने केलेच, अडल्या वेळी काट्यावरही उभा राहिला. त्याची पाठ दुखे. तो मुठीने कंबर दाबी, पण मागे येत नसे. मी चार बोटांवर वाट पाहत राही.

मी अगदीच रिकामा होतो असे मात्र नाही. अण्णा जेवून आले की पेढीवर सामसूम असे. आसाराम तेव्हा जेवायला घरी जाई. अण्णा आपल्या मखमली दगडाकडे पाहत, मग माझ्याकडे पाहत, आणि हळूच मला ओढून त्यावर डोके ठेवत. त्यांच्या केसांना वाळ्याच्या तेलाचा वास येई. ते तेल ते नगरहून मागवत. माझ्यावर ते तासभर घोरत आणि उठले की मला पुन्हा जागेवर ठेवून देत. लोडाला जीभ नसते, म्हणून बरे.

वाढलेल्या पगारातून मनकर्णाने एक म्हैस घेतली. चार महिन्यांची शिल्लक, आणि वर तिचे पायातले वाळे गेले. म्हैस काळीभोर, कपाळावर पांढरा टिळा. मनकर्णाने तिचे नाव चंद्री ठेवले. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी खोळ घालता घालता ती मला सगळे सांगे. "चंद्रीनं आज चार शेर दूध दिलं बघ. जामखेडचं दुकान उघडलं म्हंजी आमी बगाया जानार हाय. तिथं डोंगर हाय म्हनं. मी डोंगर बघितलेलाच न्हाई. डोंगरावर चढलं की काय दिसतं रं?"

मला ते माहीत होते. काष्टीत ते फक्त मलाच माहीत होते. पण मला सांगता येईना.

वैशाख संपता संपता शामकांत दिवाणजी सामान घेऊन परत आले. सरकारने धान्यावर कंट्रोल आणला होता. नव्या दुकानाला परवाना मिळाला नाही. जामखेडला जागा घेतली, रंग दिला, पाटी लिहिली, पण दुकान उघडलेच नाही.

शामकांत आपल्या जागी बसले आणि मला टेकले. आसाराम उठून काट्यावर गेला. पगार पुन्हा अठरा. ते त्याला रास्तच वाटले असावे.

अण्णा मात्र जामखेडच्या नुकसानीने अस्वस्थ झाले होते. घरमालकाकडून त्यांनी अर्धे भाडे परत आणले. पाटी रंगवणाऱ्याकडूनही दोन रुपये सोडवले. आणखी काय परत येईल ते शोधताना त्यांची नजर काट्याकडे गेली. त्यांनी आसारामाला बोलावले.

"आसाराम, ती बढती जामखेडच्या दुकानासाठी होती. दुकान झाले नाही, म्हणजे बढतीही झाली नाही. खरे ना?"

"व्हय अण्णा. म्हनून तर मी काट्यावर गेलो."

"मग महिना बारा रुपये जास्त घेतलेस त्याचे काय? सात महिन्यांचे चौऱ्याऐंशी होतात. तिकडे शामकांतला दिवाणजीचा पगार, इकडे तुला. एका जागेचे दोन पगार मी का भरू?"

आसारामाला आधी कळलेच नाही. मग तो म्हणाला, "पर अण्णा, काम तर मी केलं."

"तू लोडाला टेकलास का? एकदा तरी?"

आसारामाने नकारार्थी मान हलवली.

"पाडव्याला सगळ्यांसमोर तूच म्हणालास, दुकान उघडेपर्यंत टेकणार नाही. दिवाणजीच्या जागेवर मी बसत नाही, हे तुझेच शब्द. मग दिवाणजी झालासच कुठे?"

त्याने असे म्हटले नव्हते. पण जवळजवळ तसेच म्हटले होते. प्रामाणिक माणसाला जवळजवळ आणि नेमके यांतला फरक मोठ्याने सांगता येत नाही. आसाराम म्हणाला, "शबूद माझाच हाय, अण्णा. न्हाई कसं म्हनू?"

अण्णांनी त्याला पुढच्या बाजारापर्यंत मुदत दिली. चौऱ्याऐंशी रुपये देण्यासारखी त्याच्या घरात एकच वस्तू होती. तिच्या कपाळावर पांढरा टिळा होता.

काष्टीचा जनावरांचा बाजार मोठा. त्या दिवशी पेढीही भरलेली होती. आसाराम चंद्रीला घेऊन निघाला आणि वाटेत पेढीसमोरच्या लिंबाला बांधून आत आला. रक्कम दुपारी आणून देतो, एवढेच सांगायला. त्याच्या पाठोपाठ मनकर्णा आली. आदल्या दिवशी अमावास्या झाली होती आणि तिच्या हातात धुतलेल्या खोळी होत्या.

बायका पेढीवर बोलत नसत. मनकर्णाही कोणाशी बोलली नाही. ती कोपऱ्यात माझ्याजवळ बसली, मला मांडीवर घेतले आणि खोळ चढवता चढवता माझ्याशी बोलू लागली. फक्त रोजच्यापेक्षा जरा मोठ्याने.

"काय रं लोडा, सात म्हैनं तुला कुनी टेकलंच न्हाई म्हनं."

शामकांतांचा टाक थांबला.

"खरं हाय बाबा. माझा धनी टेकला न्हाई. त्येच्या पाठीला घरी मी शेक देत हुते, मला म्हाईत न्हाई व्हय? पर मला येक सांग, दर अवसेला तुझ्या खोळीला ह्यो येवढा तेलाचा डाग कुठनं यायचा? तुझ्यापायी मला चार रिठं जास्त लागायचं."

"मनकर्णे," आसाराम दबक्या आवाजात म्हणाला, "गप ऱ्हा."

"मी कुठं कुनाला बोलत्ये? मी लोडाला इचारत्ये." तिने दोरी ओढून गाठ मारली. "आमच्या घरात डोक्याला करडईचं त्याल. आन् तुझ्या डागाला तर वाळ्याचा वास यायचा. गार गार. लई म्हाग आसंल, न्हाई?"

मग म्हाताऱ्या भीमाने मान पुढे केली, अण्णांच्या डोक्याच्या दिशेने हवा हुंगली आणि म्हणाला, "आगं बया. वाळ्याचा वास तर हितंच येतुया!"

सगळी पेढी हसली. शामकांत वहीत तोंड घालून हसले. अण्णांचे कान लाल झाले.

मनकर्णा हसली नाही. तिने मला भिंतीशी नीट ठेवले, वरून एक हात फिरवला आणि हळू म्हणाली, "लोडा, काम करनाऱ्याचा पगार आसंल तर आमी दिडकी लागत न्हाई. आन् टेकनाऱ्याचा पगार आसंल, तर सात म्हैनं जो टेकला त्येच्याकडनं मागून घे म्हनावं." एवढे बोलून ती उठली, पदर सावरला आणि बाहेर जाऊन चंद्रीजवळ उभी राहिली.

अण्णांनी डोळे मिटले. मला वाटले, आता ते रागावतील. पण त्यांचे पोट आधी हलले. मग खांदे हलले. मग ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

"शामकांत," डोळे पुसत ते म्हणाले, "ते चौऱ्याऐंशी माझ्या नावे टाका."

"काय म्हणून लिहू?"

"लिहा, लोडाला टेकल्याबद्दल. आणि आसाराम, म्हैस घरी ने. पाणी दाखव तिला, उन्हात बांधली आहेस."

त्या दिवसानंतर बाजाराच्या दिवशी कोणी ना कोणी विचारीच, "काय अण्णा, आज टेकलात का?" अण्णा हसून घेत. पण सहा महिने तेच ऐकून कंटाळले. पुढच्या पाडव्याला त्यांनी मला उचलून आसारामाच्या हातात दिले. "ने बाबा हा साक्षीदार तुझ्या घरी. मला नको आता याच्याकडे बघायला."

असा मी आसारामाच्या घरी आलो. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यासमोर चंद्रीचा गोठा. मनकर्णाने मला ओट्यावर ठेवले आणि आसारामाला म्हणाली, "बसा की आता. टेका. घर आपलं, लोड आपला."

"न्हाई गं," तो म्हणाला. "शबूद दिलाय. जामखेडचं दुकान कुठं उघडलंय?"

ती कपाळाला हात लावून हसली. "मग मी टेकते. मी कुनाला शबूद दिलाय?"

आणि ती टेकली. मित्रांनो, मला त्याआधी एकच पाठ माहीत होती, शामकांतांची. ही पाठ हलकी होती. तिला टेकायची सवय नव्हती. आधी ती नुसती लागली, मग थोडी थोडी विसावली.

पुढे रोज दुपारी, काम उरकले की, ती मला टेकून बसे. सुट्टीच्या दिवशी आसाराम तिच्याजवळ ताठ बसे. ती धान्य निवडत, फाटके शिवत असे आणि जामखेडविषयी बोलत असे. दोघांनीही ते गाव पाहिले नव्हते, म्हणून त्यात काहीही घालता येई. "दुकानाला निळा दरवाजा आसंल." "निळा कशाला?" "मला निळा आवडतो." दुसऱ्या दिवशी त्या दाराला तोरण लागे. तिसऱ्या दिवशी दारात पाण्याचा रांजण येई. होता होता त्या दोघांनी ते सगळे दुकान ओट्यावर बसून बांधले. मी माझ्याकडचा डोंगर त्याच्या मागे ठेवून दिला. तो त्यांना दिसत नव्हता, पण कधी कधी मनकर्णा बोलता बोलता थांबे आणि दूर पाही. तेव्हा वाटे, तिला दिसला असावा.

आसारामाला दिवाणजीपण पुन्हा मिळाले नाही. पण ती वर्षे चांगली गेली.

मग एका हिवाळ्यात मनकर्णा आजारी पडली. तिला आडवे झाले की धाप लागे. बसून राहिले की बरे वाटे. म्हणून ती दिवसभर माझ्यावर टेकून असे. आसाराम चंद्रीचे दूध काढी, चुलीवर तापवी, तिला देई आणि शेजारी ताठ बसे. ती म्हणे, "येवढं ताट बसू नका. माझीच पाठ दुखती तुमच्याकडं बघून." तो म्हणे, "तू बरी हो. मग दोघं जामखेडला जाऊ." ती म्हणे, "व्हय, जाऊ." माघात एका सकाळी, तो दूध घेऊन आला तेव्हा ती माझ्यावर टेकलेलीच होती, डोळे मिटून. दूध निवले तरी तिने डोळे उघडले नाहीत.

तिच्या पाठीचा खळगा माझ्यात राहिला.

दिवस गेले. आसाराम काट्यावर जाई, येई, चंद्रीला वैरण टाकी. ओट्यावर बसे तेव्हा माझ्याकडे पाठ करून नव्हे, तोंड करून बसे. कधी खळग्यावर हात ठेवी.

चैत्र आला. शेजारची लंकाबाई भली बाई होती. तिने पाहिले की घरात कोणी केर काढत नाही, पांघरुणे कुबट झाली आहेत. आसाराम पेढीवर गेल्यावर ती आली, सगळे अंथरूण बाहेर काढले आणि त्याबरोबर मलाही अंगणात उन्हात टाकले.

मित्रांनो, सावरीला ऊन फार आवडते. आणि तो चैत्र होता, बोंडे उकलण्याचा महिना. ऊन आत शिरले तसा माझा एक एक धागा जागा होऊ लागला. डोंगर दिसू लागला. आणखी थोड्या वेळात मी पूर्ण फुललो असतो, गोल, पहिल्यासारखा. आणि तो खळगा गेला असता.

मी अंग चोरले. जन्मात पहिल्यांदा मी फुलायचे नाही म्हणून पडून राहिलो. मला ते कितपत जमले, मला माहीत नाही.

आसाराम दुपारी आला आणि मला अंगणात पाहून तसाच उभा राहिला. "लंकाबाई," तो म्हणाला, "काय केलंत ओ हे!"

"कुबट वास येत हुता, भाऊ. म्हनलं ऊन दाखवावं," ती बिचारी घाबरून म्हणाली. "चुकलं का काय?"

त्याने मला उचलून ओट्यावर नेले, जागेवर ठेवले आणि आंधळ्यासारखा हात फिरवू लागला. वर, खाली, मध्ये. मध्ये त्याचा हात थांबला. खळगा होता. थोडा उथळ झाला होता, पण होता.

मग त्याने पाठ वळवली. चार बोटांचे ते अंतर पाच वर्षे त्याने राखले होते. तो हळूच म्हणाला, "मनकर्णे, जामखेडचं दुकान उघडलं गं." आणि तो टेकला.

त्याची पाठ रुंद होती. तिच्या खळग्यात ती मावली नाही, पण मधोमध बरोबर बसली. ऊन अजून माझ्या पोटात होते. त्याला झोप लागली. मला जे येते ते मी केले. डोंगर पुढे आणला. त्याच्या पायथ्याशी निळ्या दाराचे एक दुकान होते. दाराला तोरण, दारात रांजण. वरून पांढरा कापूस उडत येत होता. आणि ती डोंगरावर चढून खाली बघत होती, काय दिसते ते.

चंद्री दोनदा हंबरली तेव्हा तो उठला. त्याने डोळे पुसले, तिला पाणी दाखवले आणि लंकाबाईच्या घरी तांब्याभर दूध देऊन आला.

मित्रांनो, माझी मागणी मोठी नाही. तुमच्या घरातल्या लोडाला, उशीला, गादीला ऊन दाखवत जा. खोळ फाटली तर टाका घाला. आम्ही थोडक्यात खूश असतो. पण एखादा खळगा सपाट करण्याआधी घरात एकदा विचारा, तो कोणाचा आहे. आणि तुमच्याजवळ कोणी ताठ बसले असेल, तर त्याला आजच टेकायला सांगा.